सीझिनकोट: इंग्लंडच्या खेड्यातलं घुमटाचं घर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीझिनकोट म्हणजे नेमकं काय?

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, कॉट्सवोल्ड्स नावाच्या टेकड्यांच्या मुलखात, मोरटन-इन-मार्श या गावाजवळ असलेली एक जमीनदारी हवेली. आजूबाजूला सगळं इंग्रजी: मेंढ्या, ओकची झाडं, मधाच्या रंगाच्या दगडाची बसकी घरं. आणि त्यात मधेच तांब्याचा हिरवा पडलेला कांद्याच्या आकाराचा घुमट, चार कोपऱ्यांना चार छत्र्या (खांबांवर उभे छोटे घुमटाकार मंडप) आणि चारी बाजूंनी दगडी छज्जा. १८०५ च्या सुमारास हे काम सुरू झालं. इंग्लंडमध्ये राहतं घर म्हणून मुघल धाटणीत बांधलेली दुसरी एवढी पूर्ण हवेली नाही.

उच्चार कसा करायचा?

सीझ-इन-कोट. ‘सेझिनकोटे’ नाही. नावाचा भारताशी काडीमात्र संबंध नाही. ते जुनं गावाचं नाव आहे, ‘ओक झाडांमधलं घर’ अशा अर्थाचं. मराठी माणसाला शेवटी ‘कोट’ ऐकू आला की किल्ला आठवतो, पण इथे कोट म्हणजे झोपडी.

हे घर तिथे उगवलं कसं? कुणी बांधलं?

तीन भावांची गोष्ट आहे. थोरला कर्नल जॉन कॉकरेल बंगालमधून परतला आणि १७९५ मध्ये त्याने ही जमीन घेतली. तीनच वर्षांत, १७९८ मध्ये, तो वारला. वाटण्या झाल्या, तेव्हा धाकट्या चार्ल्सने बाकीच्या भावंडांचे हिस्से विकत घेतले. चार्ल्ससुद्धा ईस्ट इंडिया कंपनीचाच माणूस. कलकत्त्यात एक पेढी होती, तिचा तो भागीदार. अशा पेढ्या कंपनीच्या गोऱ्या नोकरांचा पैसा सांभाळायच्या, व्यापारात गुंतवायच्या आणि विलायतेला पोचवायच्या.

तिसरा भाऊ सॅम्युअल पीप्स कॉकरेल आर्किटेक्ट होता. हो, त्या प्रसिद्ध रोजनिशीकार पीप्सच्याच नात्यातला, नाव तिथूनच आलेलं. धाकट्याने पैसा दिला, मधल्याने घर काढलं. घरच्याघरी काम.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चार्ल्सचा भागीदार विल्यम पॅक्स्टन, त्यानेही वेल्समध्ये मोठं घर बांधलं, मिडलटन हॉल. पैसा त्याच पेढीचा, आर्किटेक्टही हाच. पण ते घर साधं, अभिजात, खांबाखांबांचं. म्हणजे हिंदुस्थानातून आलेल्या पैशाने हिंदुस्थानी घरच बांधायचं, असा काही रिवाज नव्हता. बहुतेक जण उलट करत. आपला पैसा कुठून आला हे घराच्या दर्शनी भागावर लिहून ठेवायची हौस त्यांना नव्हती. चार्ल्सला ती होती.

आर्किटेक्ट कधी भारतात आला होता का?

नाही. आणि हे घर समजून घ्यायचं तर हेच धरून चालावं लागतं.

सॅम्युअल कॉकरेलने हिंदुस्थानी इमारती पाहिल्या त्या कागदावर. कागद होते टॉमस डॅनियलचे. टॉमस आणि त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे चित्रकार १७८६ मध्ये कलकत्त्याला उतरले आणि १७९३ पर्यंत हिंडले: गंगेकाठाने वर पार गढवालपर्यंत, मग दक्षिणेत, शेवटी मुंबईला. मग विलायतेला जाऊन त्यांनी १७९५ ते १८०८ या काळात हिंदुस्थानच्या दृश्यांची १४४ रंगीत छापील चित्रं काढली. कॅमेरा ऑब्स्क्युरा नावाच्या पेटीतून दृश्य कागदावर पाडून रेघा मारायच्या, म्हणून त्यांची प्रमाणं बऱ्यापैकी बिनचूक आहेत. त्याआधी विलायतेत ‘हिंदुस्थानी’ म्हणून जे काही बांधलं जायचं त्यात चिनी, तुर्की, अरबी सगळं एका पातेल्यात असायचं. डॅनियलच्या चित्रांमुळे पहिल्यांदा छज्जा कसा बाहेर येतो, छत्री कशावर उभी राहते, कमानीला पाकळ्या कुठून सुटतात हे नीट कळलं.

सीझिनकोटसाठी टॉमस डॅनियल स्वतः सल्ला द्यायला होता. बागेतली देवळं-पूल तर बरेचसे त्याच्याच हातचे.

हाच आर्किटेक्ट त्याआधी जवळच डेल्सफर्डला वॉरन हेस्टिंग्ससाठी घर बांधून बसला होता. तिथे एक लहानसा घुमट आहे, भीतभीत घातल्यासारखा. सीझिनकोटमध्ये भीड चेपली.

बाहेरून बघताना काय काय ओळखू येतं?

जवळजवळ सगळं, आणि तेही क्षणात. आग्रा-फतेहपूर सिक्री बघून आलेल्या माणसाला फार डोकं खाजवावं लागत नाही.

वर कांद्यासारखा घुमट. कोपऱ्यांवर छत्र्या. दर्शनी भागाच्या मधोमध मशिदीच्या प्रवेशद्वारासारखी उंच महिरप. खिडक्यांच्या माथ्यावर मोराने पिसारा फुलवावा तशा पाकळ्यांच्या कमानी. आणि छज्जा.

छज्ज्यापाशी जरा थांबा. आपल्याकडे छज्जा हे कामाचं अंग आहे. मे महिन्यात भिंतीवर ऊन पडू नये आणि जुलैत पावसाची तिरकी सर खिडकीतून आत येऊ नये, म्हणून तो असतो. वाड्यात, चाळीत, बंगल्यात खिडकीवर हातभर पत्रा नाही तर सिमेंटची फळी असतेच. सीझिनकोटचा छज्जा नुसती भिंतीवरची नक्षी नाही. तो चांगला पुढे आलेला आहे, खाली दगडी हस्त, म्हणजे छज्ज्याला आधार देणारे तिरपे दगड, एकामागून एक ओळीने लावलेले आहेत, आणि दुपारी त्या हस्तांच्या सावल्या भिंतीवर फणीच्या दातांसारख्या पडतात. सावली पडणं ही मूळ युक्ती तेवढी बरोबर जमली आहे. पण ज्या देशात लोक ऊन पडलं की अंगणात खुर्च्या टाकून बसतात, तिथे ऊन अडवायचं कुणाला? म्हणून आर्किटेक्टने छज्जा ठेवला आणि त्याखाली इंग्रजी घराला शोभतील अशा मोठाल्या काचेच्या खिडक्या सरळ रांगेत बसवल्या. जाळी नाही. जाळी लावली असती तर डिसेंबरात दुपारी तीनला मेणबत्त्या लावाव्या लागल्या असत्या.

थोडं मागे सरकून घुमट आणि छत्र्या हाताने झाकून बघा. उरतो तो चौकोनी, समतोल, जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातला, ठोकळा. असा ठोकळा त्या परगण्यात पैशाला पासरी मिळेल. अंगरखा हिंदुस्थानी, हाडं इंग्रजी.

आतही असंच आहे का? दिवाणखाना, झरोके, बैठक?

नाही. इथेच येणाऱ्यांचा विरस होतो.

दारातून आत गेलात की हिंदुस्थान उंबऱ्याबाहेर राहतो. आत ग्रीक धाटणीची त्या काळातली फॅशनेबल सजावट, रुंद जिना, मुख्य दालनं पहिल्या मजल्यावर. जिना बघण्यासारखा आहे. तो खालून एकेरी निघतो, मग दुभंगून दोन अंगांनी वर जातो, आणि वरच्या भागाला आधार म्हणून ओतीव लोखंडाच्या तुळया उघड्याच ठेवल्या आहेत. १८०५ मध्ये लोखंड ही नव्या जमान्याची चीज होती, त्यामुळे त्यांनी ती लपवली नाही.

एक गमतीचा अपवाद आहे. मुख्य घरापासून बाजूला असलेल्या छोट्या मंडपात चार्ल्सची झोपायची खोली होती, आणि ती तंबूसारखी सजवलेली होती. हिंदुस्थानात कंपनीचा साहेब मोहिमेवर, दौऱ्यावर तंबूत झोपायचा. म्हातारपणी त्याला ग्लॉस्टरशायरमध्येही तंबूच हवा होता. घुमट जगाला दाखवायला होता, तंबू स्वतःसाठी. घुमटापेक्षा मला हा तंबू जास्त खरा वाटतो.

हे घर हिंदू शैलीचं की मुघल?

घर बरंचसं मुघल, बाग बरीचशी हिंदू. आखणाऱ्यांनी एवढा विचार करून वाटणी केली असेल असं मात्र समजू नका. त्यांच्या दृष्टीने सगळंच ‘हिंदुस्थानी’. घुमट थडग्यांवरून उचललेला, महिरप मशिदीवरून, छत्र्या राजपूत-मुघल महालांवरून. तीन वेगळ्या कामांच्या इमारती एका राहत्या घरात आल्या. आपल्याकडे कुणी चर्चच्या मनोऱ्याखाली बाथरूम काढली तर जसं वाटेल, तसं एखाद्या जुन्या मिस्त्रीला हे बघून वाटलं असतं.

घारापुरीचे खांब तिथे आहेत म्हणतात, खरं का?

घारापुरीहून उचलून नेलेले खांब नाहीत. घारापुरीच्या लेण्यातल्या खांबांवरून बेतलेले आहेत.

बागेत एक ओढा उतारावरून खाली येतो. वरच्या टोकाला कुंड आणि सूर्याचं छोटं देऊळ. तिथून पाणी झिरपत खाली येतं आणि घराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पुलाखालून जातं. पुलाच्या कठड्यांवर नंदी बसलेले आहेत. आपल्या देवळात बसतात तसेच, पाय दुमडून, वशिंडासकट. फक्त समोर पिंड नाही.

मोटारीतून पूल ओलांडला तर एवढंच दिसतं. पण खाली उतरा. पुलाखाली ओढ्यात पावलापावलावर दगड टाकून वाट केली आहे. त्यावरून वाकून आत गेलं की दोन्ही बाजूंना बुटके, जाड खांब, खाली चौकोनी, वर गोल होत गेलेले, आणि माथ्यावर दाबून बसवलेल्या उशीसारखी गोल बैठक. घारापुरीचं मोठं लेणं ज्याने पाहिलं आहे त्याला ही उशी लगेच ओळखू येईल. डोंगराचं वजन खांबावर पडून खांब जरा चेपला असावा, असा भास त्या उशीने होतो. घारापुरीत तो भास खरा वाटतो, कारण वर डोंगर आहे. इथे वर एक बग्गी जाण्याइतका रस्ता आहे.

खांबांच्या मधे दगडी बाक आहे. ओढ्याच्या मधोमध, पायाखालून पाणी वाहतंय आणि डोक्यावर पूल, अशी बसायची जागा. मी तिथे बसलो तेव्हा वरून कुणाची तरी गाडी गेली आणि पूल हलकेच घुमला. सबंध सीझिनकोटमध्ये मला लेण्याची आठवण आली ती एवढ्या एका जागी. दगडाच्या आकाराने आली नाही, त्या आवाजाने आणि गारव्याने आली.

पुढे खालच्या कुंडात झाडाच्या खोडाला वेटोळे घातलेला तीन फण्यांचा नाग आहे. पाच किंवा सात फणे का नाहीत, असं सोबतच्या आजी विचारतील. उत्तर माझ्याकडे नाही.

पेशव्यांचा या घराशी काही संबंध आहे का?

घराशी थेट नाही. पण घराच्या सल्लागाराचा, म्हणजे टॉमस डॅनियलचा, आहे, आणि तो धागा फार कमी लोकांना ठाऊक असतो.

१७९१ मध्ये जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला. पुण्यात तेव्हा चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला वकील, होता. त्याने वेल्सला पुण्याला बोलावलं. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं तैलचित्र आपण शाळेच्या पुस्तकापासून बघत आलो आहोत, ते वेल्सचं. मॅलेटला लेण्यांचं वेड होतं. पुण्याच्या गंगाराम तांबटांनी त्याच्यासाठी वेरूळची चित्रं काढली, वेल्सनेही काढली. १७९३ मध्ये डॅनियल काका-पुतणे मुंबईत आले तेव्हा वेल्सने त्यांना घारापुरी, कान्हेरी, कार्ले दाखवलं. दोन वर्षांनी, १७९५ मध्ये, कान्हेरीच्या कामात असतानाच वेल्स वारला.

त्याची अर्धवट कामं टॉमस डॅनियलने पुरी केली. वेरूळची चित्रमाला वेल्सच्या रेखाटनांवरून त्याने १८०३ मध्ये छापली. आणि १८०५ मध्ये एक मोठं तैलचित्र रंगवलं: १७९० चा तह करायला मॅलेट पेशव्यांच्या दरबारात आला आहे, तो प्रसंग. शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल, भरलेला दरबार, पगड्या, पालथी मांडी घातलेली माणसं. लंडनच्या टेट संग्रहालयाकडे हे चित्र आहे. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, त्यामुळे आतला थाट कसा होता हे बघायला उरलेल्या थोड्या साधनांपैकी हे एक.

आता सालं जुळवून बघा. १८०५ मध्ये टॉमस डॅनियल एका बाजूला कॅनव्हासवर शनिवारवाडा रंगवतोय, आणि त्याच सुमाराला सीझिनकोटच्या नंदी-पुलाचा विचार करतोय. त्याने शनिवारवाड्यातलं काही उचलून ग्लॉस्टरशायरला नेलं असा दावा मी करणार नाही. पण पुलाखालचे खांब ज्या डोळ्यांतून आले, त्या डोळ्यांना घारापुरीची वाट वेल्सने दाखवली होती.

ब्रायटनचा राजवाडा याच घरावरून केला का?

‘यावरूनच केला’ म्हणणं जरा जास्त होईल. इंग्लंडचा युवराज (पुढचा प्रिन्स रीजंट) १८०७ च्या सुमारास सीझिनकोटला येऊन गेला. पण ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्याचे घुमटवाले तबेले विल्यम पोर्डनने १८०३ पासूनच बांधायला घेतले होते. बागकामाचा मोठा जाणकार हम्फ्री रेप्टन हा मात्र दोन्हीकडचा दुवा. सीझिनकोटच्या आखणीत त्याचा सल्ला होता, आणि तिथे डोळे उघडल्यावर त्याने प्रिन्ससाठी हिंदुस्थानी धाटणीचे नकाशे काढले. काम मात्र त्याला मिळालं नाही. ते १८१५ मध्ये जॉन नॅशकडे गेलं आणि आज आपण बघतो तो राजवाडा १८२२ पर्यंत उभा राहिला.

दोन्ही पाहिलेल्यांना फरक पटकन कळतो. ब्रायटन म्हणजे लग्नाचा मांडव, जितकं लावता येईल तितकं लावलेलं. सीझिनकोट त्यापुढे चक्क सोज्वळ.

दगड इतका केशरी कसा? रंगवलाय का?

कॉट्सवोल्ड्सचा चुनखडीचा दगड मुळातच पिवळसर. या घराचा दगड आजूबाजूच्या घरांपेक्षा अधिक तांबूस दिसतो, आणि उत्तर हिंदुस्थानातल्या दगडासारखा दिसावा म्हणून तो मुद्दाम रंगवला असावा, असं सांगितलं जातं. संध्याकाळच्या उन्हात बघाल तर पटेलही. ढगाळ दिवशी ते घर थेट भिजलेल्या बिस्किटाच्या रंगाचं दिसतं.

म्हणजे हे शेवटी लुटीच्या पैशाचं घरच ना?

प्रश्न रास्त आहे, आणि त्या काळच्या इंग्रजांनीही तो विचारला होता. कंपनीच्या नोकरीतून गबर होऊन आलेल्यांना तिकडे ‘नबॉब’ म्हणत, आणि तो शब्द कौतुकाचा नव्हता. वॉरन हेस्टिंग्सवर तर पार्लमेंटात १७८८ ते १७९५ अशी सात वर्षं खटला चालला, शेवटी तो निर्दोष सुटला.

चार्ल्स कॉकरेल तलवारीचा माणूस नव्हता, पेढीचा होता. पण पेढीत जमा होणारा पैसा कोणत्या बंगालमधून येत होता? १७७० च्या दुष्काळातून नुकता बाहेर पडलेला, कंपनीच्या सारावसुलीखाली दबलेला मुलूख तो. हे त्या घराच्या हिशेबात धरावंच लागतं. मला घर सुंदर वाटतं. हे धरूनही वाटतं.

चार्ल्सला पुढे १८०९ मध्ये बॅरोनेट ही पदवी मिळाली, तो खासदारही झाला, आणि १८३७ मध्ये वारला.

समोरची चारबाग (चार भागांत आखलेली मुघल धाटणीची बाग) मूळची आहे का?

नाही, आणि फोटो बघून सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. सरळ पाण्याचा पाट, दोन्ही बाजूंना उभी झाडं, हत्तींच्या मूर्ती, हे १९६० च्या दशकातलं काम आहे. १९४४ मध्ये सिरिल क्लाइनवोर्ट यांनी घर घेतलं, त्यांच्या पत्नी भारतात जाऊन आल्या आणि मग ही बाग आखली गेली. ओढ्याकाठची बाग, देऊळ, पूल, नाग मात्र जुने.

त्या चारबागेला एका अंगाने कवेत घेणारी अर्धगोलाकार काचेची ओवरी आहे. थंडीत संत्र्याची झाडं ठेवायची ती जागा. पाकळ्यांच्या कमानींमधे काचा, शेवटाला अष्टकोनी मंडप. संपूर्ण घरात मला सगळ्यात देखणी वाटते ती हीच. कमान आणि काच यांचं इथे खरंच जमलं आहे, कारण झाडांना ऊन हवंच होतं.

मुंबईच्या म्युझियमसारखंच आहे का हे?

वरवर पाहता, हो. दोन्हीकडे ब्रिटिश आर्किटेक्ट आणि हिंदुस्थानी घुमट. काळा घोड्याजवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जॉर्ज विटेटचं, पायाभरणी १९०५ ची, म्हणजे सीझिनकोटनंतर बरोबर शंभर वर्षांनी. पण विटेट मुंबईत राहत होता. विजापूरच्या गोल घुमटाकडे बघून त्याने आपला घुमट बेतला, हाताखाली इथलेच पाथरवट होते, आणि छज्जे-सज्जे मुंबईच्या उन्हापावसात खरोखर कामाला येतात. सीझिनकोटचे गवंडी ग्लॉस्टरशायरचे. त्यांनी घुमट आयुष्यात पाहिलेला नसणार, आणि तरी एवढा नेटका चढवला, याचं कौतुक कुणी करत नाही.

आत्ता तिथे कोण राहतं? बघता येतं का?

घर खाजगी आहे, लोक राहतात. इमारतीला इंग्लंडमधला सर्वांत वरचा, म्हणजे ‘ग्रेड एक’ दर्जाचा वारसा म्हणून संरक्षण आहे. वर्षातल्या ठराविक महिन्यांत, ठराविक दुपारी बाग आणि घर पाहायला मिळतं. दिवस-वेळा बदलतात, निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर बघा.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून मोरटन-इन-मार्शला थेट गाडी आहे. तिथून घर दोन-तीन किलोमीटरवर. चालायची तयारी असेल तर बोर्टन-ऑन-द-हिल या खेड्यातून लॉंगबरोकडे जाणारी सार्वजनिक पाऊलवाट थेट त्यांच्या माळावरून जाते. मेंढ्यांच्या मधून चालत असताना झाडांआडून अचानक तो हिरवा घुमट वर येतो. पहिलं दर्शन असंच घ्यावं, गाडीतून नको.

ज्येष्ठांना घेऊन जाणं जमेल का?

घराजवळ जमेल. ओढ्याकाठची वाट उताराची आहे, आणि पुलाखालच्या दगडांवर शेवाळं असतं. गुडघ्याचं दुखणं असेल तर पुलावरून नंदी बघून परत फिरावं.

आणि पाऊस आला तर?

येतोच. उघड्या असण्याच्या दिवशी त्या काचेच्या ओवरीत चहा आणि केक मिळतो. तिथपर्यंत पोचायला उशीर झालाच, तर भिंतीला चिकटून छज्ज्याखाली उभं राहा.